हाताचा अंदाज आणि वाटीचें माप

पाकशास्त्र हें आपल्या देशांत नवें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला असून त्यांत अन्नभोग या विषयास वाहिलेलें एक सबंध प्रकरण आहे. त्या प्रकरणांत मंडक आहेत, म्हणजे आपले मांडे. पुरण भरलेली वेढमिका आहे, तिला आज कोणतीही गृहिणी पुरणपोळीची पूर्वज म्हणून ओळखील. वडे आहेत, घारगे आहेत, इडली व डोसा यांचीं जुनीं रूपेंही आहेत. पुढें सतराव्या शतकांत रघुनाथ नांवाच्या पंडितानें 'भोजनकुतूहल' लिहिलें व त्यांत धान्यें, भाज्या आणि पक्वान्नें यांचे गुणदोष सांगितले. ग्रंथांवर नांवें आहेत तीं राजाचीं व पंडितांचीं. ज्या हातांनीं ते मांडे प्रत्यक्ष खापरावर पसरले, त्या हातांचें नांव कोठेंच नाहीं.

महाभारतांत स्वयंपाकी म्हणून गाजलेले दोघे, नल आणि भीम. दोघेही पुरुष, आणि दोघेही पाकशाळेंत शिरले ते नांव लपवून. नल बाहुक झाला, भीम बल्लव झाला. दमयंतीनें बाहुकाच्या वेषांतल्या आपल्या पतीस ओळखलें तें त्यानें शिजविलेल्या अन्नाच्या चवीवरून, ही त्या कथेंतील गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. हातची चव ही अक्षरासारखी असते, ज्याची त्याची निराळी, हें व्यासांच्या कालींही लोकांस कळत होतें. परंतु ज्या कोट्यवधि बायकांच्या हातांची अशी निराळी चव घराघरांतून रोज पानांत वाढली गेली, त्यांच्या वांट्यास ना आख्यान आलें ना ग्रंथ.

विसाव्या शतकांत ही स्थिति कांहीं अंशीं पालटली. ती कशी पालटली हें सांगण्यासाठीं आम्ही आज श्रीमती कमलाबाई ओगले यांचें उदाहरण घेतों. चौथी इयत्ता शिकलेल्या या गृहिणीच्या 'रुचिरा' या पुस्तकाच्या दीड लाखांहून अधिक प्रती खपल्या. मराठींत इतका खप होण्याचें भाग्य मोठमोठ्या साहित्यिकांसही क्वचितच लाभतें. आमच्या मतें त्यांची कीर्ति त्यांनीं कांहीं अपूर्व पदार्थ शोधून काढल्यामुळें झाली नाहीं. घरांतील बायकांच्या हातांत जें ज्ञान मुकेपणानें नांदत होतें त्यास त्यांनीं माप दिलें, म्हणून ती झाली. ज्यास माप मिळतें त्यास पुढें मोलही मिळूं लागतें, आणि आमच्या विषयाचा खरा गाभा तोच आहे.

आधीं पूर्वस्थिति पाहूं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, ब्राह्मणानें आपत्काळीं वैश्यवृत्ति पत्करली तरी कोणत्या वस्तु विकूं नयेत याची यादी दिली आहे, आणि त्या यादींत शिजविलेलें अन्न येतें. अन्न द्यावयाचें, विकावयाचें नव्हे, ही भावना उदात्त आहे यांत शंका नाहीं. अतिथीस विन्मुख न पाठविणारीं घरें याच भावनेवर उभीं राहिलीं. परंतु हिच्या आडून दुसरीही एक गोष्ट घडत आली. ज्या श्रमाचें मोल घ्यावयाचें नाहीं, त्याची मोजदादही करावयाची नाहीं, अशी संवय घरांस लागली. एकत्र कुटुंबांत एखादी बालविधवा आत्या असे. ती पहांटे सोवळ्यानें चुलीपुढें बसे ती दोन प्रहरीं उठे. पंचवीस-तीस पानांची पंगत, सणावारीं पन्नास. तितक्या आमटीचें मीठ ती नुसत्या मुठीनें घाली, आणि तें कधीं उणें-अधिक होत नसे. घर तिला आश्रित म्हणे. वस्तुतः आश्रय कोण कोणास देत होतें, याचा हिशेब कोणी मांडला नाहीं. ती गेल्यावर 'आत्याच्या हातची आमटी पुन्हां झाली नाहीं' एवढें एक वाक्य मागें राही, आणि तें म्हणणारीही पिढी गेली म्हणजे तेंही नाहींसें होई.

अशा काळांत कमलाबाईंचा जन्म १६ सप्टेंबर १९१३ रोजीं, आजच्या सांगली जिल्ह्यांतील कुंडल या गांवीं झाला. त्यापूर्वीं तीनच वर्षें, म्हणजे १९१० सालीं, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या औंध संस्थानांतील माळावर आपला कारखाना आणला होता, आणि त्या ओसाड माळाची किर्लोस्करवाडी होऊं लागली होती. एकाच परिसरांतील हा विरोध मोठा बोलका आहे. तिकडे लोहाराच्या हातचा नांगर मोजमापाच्या शिस्तींत ओतला जाऊं लागला होता, आणि इकडे गांवांतल्या घरांतून सुना व लेकी पिढीजात पद्धतीनें 'थोडें मीठ', 'बेताचें पाणी', 'हाताला लागेल इतकें तूप' अशा भाषेंत स्वयंपाक शिकत होत्या.

चौथीपर्यंतचें शिक्षण झाल्यावर कमलाबाई लग्न होऊन सांगलीस आल्या. तेथें त्यांस गुरु लाभल्या त्या त्यांच्या सासूबाई. त्या काळच्या कोणत्याही सुनेचें पाकशिक्षण जसें होई तसेंच त्यांचेंही झालें. पाटी नाहीं, पुस्तक नाहीं, चुलीजवळ बसून पाहावयाचें, सांगितलें तें करावयाचें, आणि चुकलें तर ऐकून घ्यावयाचें. या शिक्षणपद्धतीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आमच्या पाठशाळांतून वेदविद्या अशाच रीतीनें हजारों वर्षें चालत आली. परंतु या पद्धतीस एक अट आहे. गुरु आणि शिष्य एका छपराखालीं पाहिजेत. ती अट सुटली कीं परंपरा तुटली.

आणि ती अट विसाव्या शतकाच्या मध्यावर सुटूं लागली. पोटापाण्यासाठीं तरुण मंडळी मुंबई-पुण्याकडे गेली. तेथें दोन खोल्यांचा संसार. सासूबाई गांवीं, सूनबाई चाळींत. सूनबाई बहुधा शिकलेली, कधीं नोकरी करणारी. कणीक सैल झाली तर विचारावयाचें कोणास? पुरण पातळ झालें तर सांवरावयाचें कसें? पत्र घालून उत्तर यावयास आठवडा लागे, आणि उत्तर आलें तरी त्यांत 'अंदाजानें घे' एवढेंच असे. अंदाज हा शब्द ज्यास अंदाज आहे त्यालाच उपयोगी पडतो.

या अडचणीच्या वेळीं, १९७० सालीं, 'रुचिरा' प्रसिद्ध झालें. कमलाबाई त्या वेळीं छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या होत्या. म्हणजे चाळीसएक वर्षांची चूल त्यांच्या पाठीशीं होती. मराठींत पाकशास्त्राचीं पुस्तकें त्यापूर्वीं नव्हतीं असें नव्हे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हें जाडजूड पुस्तक १९१० च्या सुमारासच निघालें होतें व तें पुष्कळ घरांतून मानानें वापरलें गेलें. मग 'रुचिरा'नें असें काय निराळें केलें?

त्याचें उत्तर 'वाटी' आणि 'चमचा' या दोन शब्दांत आहे. कमलाबाईंनीं जिनसांचीं प्रमाणें दिलीं तीं घरांतल्या वाटीनें व चमच्यानें. वरवर पाहतां ही गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु काळ लक्षांत घ्यावा. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धतीचीं वजनें-मापें आलीं आणि पुढील कांहीं वर्षांत शेर, पावशेर, छटाक व तोळे बाजारांतून उठून गेले. जुन्या बायकांस ग्रॅम कळेना, नव्यांस छटाक कळेना. एकाच घरांत सासू अदपाव म्हणे आणि सून शंभर ग्रॅम म्हणे. या गोंधळाच्या मधोमध वाटी मात्र जशीच्या तशी फडताळांत होती. तिला कायदा लागू नव्हता.

कोणी चिकित्सक म्हणेल कीं, वाटी हें माप कसें होईल? एका घरची वाटी लहान, दुसऱ्या घरची मोठी. आम्ही आयुष्यभर मुलांस त्रैराशिक शिकविलें असल्यामुळें या आक्षेपाचें उत्तर द्यावयास आम्हांस आनंदच वाटतो. पाकसिद्धि बव्हंशीं वजनावर अवलंबून नसते, ती प्रमाणावर अवलंबून असते. रव्यास जी वाटी लावली तीच साखरेस लावली, तीच पाण्यास लावली, तर वाटी लहान असो कीं मोठी, शिरा शिराच होतो. फार तर दोन माणसांस पुरेल कीं चार, एवढाच फरक. चौथी शिकलेल्या गृहिणीनें हें गणिताचें मर्म ओळखलें आणि तें अशा भांड्यांत घातलें कीं, तें श्रीमंताच्या घरीं चांदीचें असेल, गरिबाच्या घरीं जस्ताचें असेल, परंतु असेल खास. तराजू प्रत्येक घरांत नसतो, वाटी असते.

लोक कमलाबाईंस 'एक लाख सुनांची सासू' म्हणत. या गौरवांत विनोद आहे तसें मोठें सत्यही आहे. दूर गांवीं राहिलेल्या सासूची जागा या पुस्तकानें घेतली, आणि तीही रागें न भरणाऱ्या सासूची. कमलाबाईंच्या सांगलीच्या सासूबाईंनीं एका सुनेस शिकविलें; त्या सुनेनें तें लाखोंस शिकविलें. २० एप्रिल १९९९ रोजीं कमलाबाई निवर्तल्या, परंतु कित्येक घरांत हळदीचे डाग पडलेली, पानें सुटलेली 'रुचिरा'ची प्रत आईकडून मुलीकडे गेलेली आहे.

येथें दुसरा एक आक्षेप येतो, आणि तो आमच्या घरांतील वडील बायकाच घेतील. त्या म्हणतील, "सगळेंच मापांत बसत नाहीं. हाताला कळतें तें वाटीला कळत नाहीं." हें म्हणणें आम्हांस पूर्ण मान्य आहे. ज्वारीची भाकरी घ्या. गव्हाच्या कणकेंत जो चिवटपणा असतो तो ज्वारींत नाहीं. म्हणून कढत पाणी घालून पीठ मळावें लागतें, त्या उष्णतेनें पिठांतील सत्त्व फुलून चिकट होतें व भाकरी थापतां येते. पीठ ताजें असेल तर ठीक. तेंच पंधरा दिवसांचें झालें म्हणजे त्याची विरी जाते आणि भाकरीच्या कडा फाटूं लागतात. किती विरी गेली हें कोणती वाटी सांगणार? तें तळहातच सांगतो. नव्या तांदळास पाणी कमी लागतें, जुन्यास अधिक. किती जुना हें दाणा दांताखालीं धरून कळतें. तेव्हां माप हें हाताची जागा घेऊं शकत नाहीं. परंतु तें हाताला वाटेवर आणून सोडतें. व्याकरण पाठ केल्यानें कोणी कवि होत नाहीं, तथापि व्याकरणानें परक्या मुलखांतल्या माणसासही ती भाषा शिकावयास येते. 'रुचिरा' हें असें व्याकरण होय.

दक्षिणेकडे हीच गोष्ट एकोणीस वर्षें आधीं घडली होती. मद्रासच्या श्रीमती एस. मीनाक्षी अम्माळ या १९०५ सालीं जन्मलेल्या बाई ऐन तारुण्यांत विधवा झाल्या. घरांत लहान मूल व सासू. त्यांच्या हाताची कीर्ति नातलगांत इतकी कीं, लग्न होऊन दूर गेलेल्या मुली पत्रें पाठवून कृति विचारीत. शेवटीं त्यांच्या चुलत्यांनीं सुचविलें कीं, पत्रें लिहीत बसण्यापेक्षां पुस्तकच लिही. १९५१ सालीं त्यांचें 'समैत्तु पार्', म्हणजे 'शिजवून पाहा', हें तामिळ पुस्तक निघालें. मीनाक्षी अम्माळ १९६२ सालीं वारल्या. पुस्तक मागाहून इंग्रजींतही गेलें आणि परदेशीं निघालेल्या तामिळ मुलामुलींच्या सामानांत तें असावयाचेंच अशी रीत पडली. आम्ही वर ज्या बालविधवा आत्येचें वर्णन केलें तिच्यासारखेंच जिणें या बाईंच्या वांट्यास येण्याचा संभव होता. फरक एवढाच पडला कीं, घरांतल्या एका वडील माणसास तिच्या ज्ञानाची किंमत वेळींच कळली व त्यानें तिच्या हातीं लेखणी दिली.

येथवर पुस्तकाची गोष्ट झाली. परंतु घरची चूल बाहेर जाण्याची दुसरीही एक वाट आहे, ती म्हणजे खानावळ. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेले हजारों कामगार एकेका खोलींत दाटीवाटीनें राहत. बायकामुलें गांवीं. त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करीत त्या शेजारपाजारच्या खानावळवाल्या बायका. यांत कोणी विधवा, कोणी टाकलेल्या, कोणाचा नवरा कामावरून सुटलेला. महिन्याचे पैसे पगार झाल्यावर मिळावयाचे, आणि वाण्याचे पैसे मात्र आधीं द्यावयाचे. त्यामुळें सावकाराचें व्याज कधीं फिटत नसे. अन्न शिजवून विकणाऱ्या या बायकांस समाजानें कधीं उद्योजक म्हटलें नाहीं. बँकेच्या दारांत त्यांस उभें करणारा कोणी नव्हता, कारण तारण ठेवावयास त्यांच्यापाशीं हातांवांचून दुसरें कांहीं नव्हतें.

१९७३ च्या सुमारास गिरणी कामगारांचा संप झाला तेव्हां या बायकांनीं उधारीवर कामगारांस जेवूं घातलें. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या व पुढें मुंबईंत कामगार चळवळींत पडलेल्या प्रेमाताई पुरव यांच्या दृष्टीस हें पडलें. संपाची चर्चा सगळीकडे होत होती, परंतु संपकऱ्यांच्या पोटांत अन्न कोण घालतें याची चर्चा कोठें नव्हती. १९६९ सालीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें होतें आणि लहान धंद्यास कर्ज द्यावें असें सरकारी धोरण होतें. त्याचा आधार घेऊन प्रेमाताईंनीं १९७५ सालीं 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापिलें व खानावळवाल्या बायकांस एकमेकींच्या जामिनावर बँकेचें कर्ज मिळवून दिलें. सावकाराचा फास सुटला. पुढें जानेवारी १९८२ मध्यें सुरू झालेल्या मोठ्या संपानंतर गिरण्यांचा तो जुना संसारच मोडला, खानावळींचीं गिऱ्हाइकें गांवोगांव पांगलीं; तेव्हां मंडळानें बायकांस एकत्र आणून मोठ्या प्रमाणावर जेवण पुरविण्याचीं कामें अंगावर घेतलीं. प्रेमाताईंस २००२ सालीं पद्मश्री मिळाली.

कमलाबाईंनीं हाताच्या ज्ञानास माप दिलें, प्रेमाताईंनीं त्याच ज्ञानास पत दिली. या दोन गोष्टी दिसावयास भिन्न, परंतु मुळाशीं एक आहेत. बँकेस कर्ज द्यावयाचें म्हणजे रोज किती पानें, किती पीठ, किती डाळ, किती खर्च व किती शिल्लक हें मांडावें लागतें. ज्या दिवशीं खानावळवालीनें हा हिशेब पहिल्यानें सांगितला, त्या दिवशीं तिला स्वतःलाही कळलें असेल कीं, आपण इतकी वर्षें केवळ 'दोन माणसें जेवूं घालीत' नव्हतों, एक धंदा चालवीत होतों.

भोजनगृहाचें यश तर मापावांचून होतच नाहीं. घरीं एकच हात असतो. भोजनगृहांत दहा हात असतात, आणि गिऱ्हाइकाची अपेक्षा अशी कीं, सोमवारची चव शुक्रवारीं मिळावी. मूळ हात ज्या क्षणीं चुलीपासून दूर होतो त्या क्षणीं माप पुढें आलें पाहिजे. अलीकडचें उदाहरण नागपूरच्या श्रीमती जयंती कठाळे यांचें. त्यांनीं संगणकाच्या क्षेत्रांतील नोकरी सोडून बंगळुरूसारख्या कानडी मुलखांतील शहरांत 'पूर्णब्रह्म' नांवाचें मराठी भोजनगृह काढलें. तेथें नऊवारी नेसलेल्या बायका मराठी पद्धतीचें ताट वाढतात. घरचें जेवण परमुलखांत आणि परक्या हातांनीं पुन्हां जसेंच्या तसें उभें करणें, हें अंदाजाच्या बळावर होणारें काम नव्हे.

आतां हें सारें आम्ही कां लिहिलें तें सांगतों. आम्ही राहतों त्या पोखर्णीस नृसिंहाचें जुनें देऊळ आहे. परभणी-परळी लोहमार्गावरच्या स्टेशनासही त्याच देवाचें नांव आहे. नृसिंह ज्यांचें कुलदैवत अशीं कुटुंबें दूरदूरच्या शहरांतून दर्शनास येतात. त्यांत पुण्या-मुंबईचीं असतात, परदेशीं स्थायिक झालेलींही असतात. या मंडळींचें बोलणें कानीं पडतें. आजीच्या हातची येसराची आमटी सर्वांस आठवते. ती कशी करावी हें मात्र शंभरांत एखादीसच सांगतां येतें.

येसर ही आमच्या मराठवाड्याची खास वस्तु. ज्वारी किंवा बाजरी, गहू, डाळी हें सारें निरनिराळें खमंग भाजावयाचें, धने-जिरे व गरम मसाला त्यांत घालावयाचा, आणि एकत्र दळून डब्यांत भरून ठेवावयाचें. लग्नकार्यांत या पिठाची आमटी पंगतीस असावयाचीच. घरोघरचें प्रमाण वेगळें. कोणाकडे डाळ अधिक, कोणाकडे धने अधिक, आणि भाजण्याची खूण प्रत्येकीच्या नाकांत. हीं प्रमाणें कोणत्या वहींत आहेत? बहुतेक ठिकाणीं कोठेंच नाहींत. तीं सत्तरी-ऐशीच्या घरांतील बायकांच्या बोटांत आहेत.

परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथील 'परभणी मोती' ही ज्वारी शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. लोह व जस्त अधिक असलेली 'परभणी शक्ति' ही जात २०१८ सालीं पुढें आली. दाण्यांत किती लोह हें आतां सांगतां येतें, आणि तें उत्तमच झालें. परंतु त्या दाण्याच्या पिठास विरी किती आहे हें तळहातानें ओळखून पातळ, अखंड भाकरी थापणाऱ्या आजीबाईंचें ज्ञान कोणी टिपून घेतलें आहे काय? तें काम विद्यापीठाचें नव्हे, आपलें आहे, आणि त्यास वेळ थोडा उरला आहे.

आमची सूचना अगदीं साधी आहे. घरांतील वडील बाईंस "प्रमाण सांगा" म्हणून विचारूं नये. त्या 'अंदाजानें' असेंच सांगतील, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं, कारण हाताचें ज्ञान शब्दांत बोलत नाहीं. त्यांस नेहमींप्रमाणें स्वयंपाक करूं द्यावा. सुरू करण्यापूर्वीं पिठाचा, मिठाचा, मसाल्याचा डबा वजन करून ठेवावा. झाल्यावर पुन्हां वजन करावें. दोहोंतील वजाबाकी म्हणजे त्यांचा अंदाज. पाण्याचा तांब्या भरून ठेवावा व उरलेलें पाणी मोजावें. असें तीन वेळां केलें म्हणजे सरासरी निघते. मग तीच प्रमाणें घरच्या वाटीनें मांडून घ्यावीं व सुनेनें, लेकीनें, किंवा मुलानेंही, तीं करून पाहावीं. शेजारीं त्या बाईंस बसवावें आणि "आतां भाजलें म्हणावें का?" हें विचारावें. त्या जी खूण सांगतील, रंगाची, वासाची, आवाजाची, ती त्यांच्याच शब्दांत लिहावी. शेवटीं वहीच्या त्या पानावर त्यांचें पूर्ण नांव, माहेरचें गांव आणि साल घालावें. 'आजीची आमटी' असें लिहूं नये. आजी प्रत्येक घरांत असते. नांव एकीचेंच असतें.

आणि आणखी एक. ज्या घरांत स्वयंपाकास बाई येतात त्यांनीं हा नियम त्यांनाही लावावा. त्यांच्या हातची एखादी कृति घरानें घेतली तर ती त्यांच्या नांवानें लिहावी, आणि कार्याच्या स्वयंपाकाचें मोल घासाघीस न करितां द्यावें. अन्न विकूं नये हा नियम ज्यांनीं पाळला त्यांनीं श्रम फुकट घ्यावा असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं.

प्रत्येक सुगरणीचें भोजनगृह होणार नाहीं, प्रत्येकीचें पुस्तक निघणार नाहीं, आणि निघावें असेंही नाहीं. दीड लाख प्रतींचें भाग्य एखाद्या कमलाबाईंचें. परंतु चाळीस पानांची एक वही प्रत्येक घरांत होऊं शकते. येत्या चैत्रांत येसराचें दळण काढावयाचें असेल त्या घरांनीं पहिलें पान त्यानेंच भरावें. तराजू, वाटी, शाई आणि घरांतील वडील बाई, एवढें साहित्य पुरे आहे.